सदुभाऊजींनी न काढलेलं पान

ईरा आणि निहार,

तुमच्या आजीने आयुष्यात दोन डोकी फोडली आहेत. दुसरं सदुआजोबांचं, पाच आठवड्यांपूर्वी, मणिकर्णिका घाटावर. तुमची आई विमानात होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून अग्नी मी दिला. आणि चिता निम्मी खाली बसल्यावर रीतीप्रमाणे बांबूही माझ्याच हातात आला. कवटी फोडल्याशिवाय जीव सुटत नाही, असं इथे मानतात. पहिल्या घावाने काही झालं नाही. चितेपाशी राबणारा माणूस म्हणाला, "जोर से, माताजी. दया मत कीजिए..." तिसऱ्या घावाला आवाज आला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही. पहिलं डोकं मात्र जिवंत माणसाचं होतं. ते चार वर्षांपूर्वी आमच्या घरात फुटलं, आणि त्याबद्दल तुम्हाला आजवर कुणी काही सांगितलेलं नाही.

आता सांगायचं कारण निहारचा प्रश्न. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर तू विचारलंस, "आजी, पायऱ्यांवरून पडलं तर मनगट मोडतं. सदुआजोबांची तीनच बोटं, तीही मागे वाकलेली, कशी मोडली?" मी म्हणाले, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. दूध तापत ठेवलेलंच नव्हतं. पायऱ्यांवरून पडल्याचं पत्र तेव्हा मीच तुम्हाला पाठवलं होतं, इंग्रजीत. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे त्या भाषेत मला खोटंसुद्धा नीटनेटकं लिहिता येतं. "मी आहे तोवर मुलांना कळू देऊ नका," असा शब्द भाऊजींनी घेतला होता. आता ते नाहीत. म्हणून हे मराठीत लिहिते आहे, आणि क्रमाने.

सदाशिव हे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, रेल्वेच्या सिग्नलखात्यात नोकरी केली, आणि तुमचे आजोबा गेल्यावर पंचगंगा घाटावरच्या गल्लीतल्या घरात आम्ही दोघंच उरलो: मी खाली, ते वर. आमच्या घराण्याकडे महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचं उपाध्येपण होतं. यजमान आला की पूजा झाल्यावर त्याने आमच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं... गाव, वडील, आजोबा, बरोबर कोण आलं, कशासाठी आलं. खाली सही करायची. याला लेख म्हणतात. पुढे कधी त्याचा नातू आला की वही काढून आजोबाचं अक्षर त्याच्यापुढे धरायचं. भलेभले तिथे रडतात. दहा वर्षांचे असताना भाऊजींनी एक पुसट झालेला लेख ताज्या शाईने गिरवला. बिचाऱ्याला वाटलं, आपण मदत करतोय. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना चौकातल्या नळाला बांधलं आणि ओल्या दोराने मारलं. "यजमानाच्या अक्षराला हात लावशील? लावशील?" एक फटका कानावर बसला. डावा कान कायमचा गेला. मोठे भाऊ, म्हणजे तुमचे आजोबा, दाराआड उभे राहून बघत होते. त्यांनी मला हे लग्नानंतर अकरा वर्षांनी सांगितलं, आणि सांगताना स्वतःचाच कान धरून ठेवला होता. भाऊजी स्वतः त्याबद्दल एकदाच बोलले. "मारलं ते चूक होतं, वहिनी. बात सही होती."

निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या वह्यांची पानं एकेक करून स्कॅन केली आणि त्यांची वेबसाईट बनवली. ती दुसऱ्या कुणाच्या जागेत ठेवायला मात्र तयार होईनात. "वह्या आपल्या घरात, मग पानं परक्याच्या घरात कशाला?" म्हणून वरच्या खोलीत एक जुना संगणक, त्याला इन्व्हर्टर, भिंतीवर राऊटर. इंटरनेट कंपनीने अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता दिला होता, आपल्या घराला स्वतंत्र पत्ता मिळावा म्हणून भाऊजींनी कंपनीच्या ऑफिसात इतके अर्ज केले की तिथला शिपाई त्यांना पाहिलं की म्हणायचा, "आ गए पता वाले बाबा." मला त्यांनी समजावलं ते असं: "बाहेरच्या जगाला फक्त राऊटर दिसतो, वहिनी. तो देवडीवरचा माणूस. त्याला सांगून ठेवायचं, अमुक नंबर घेऊन कुणी आलं तर वरच्या खोलीत पाठव. बाकीच्यांना हाकल." माकडांनी दोनदा तार तोडली. दुसऱ्यांदा एक माकड बाजूच्या विजेच्या तारेला चिकटून जळून मेलं आणि बाकीची तीन दिवस आमच्या गच्चीवर किंचाळत बसली. मग भाऊजींनी इंटरनेटची सगळी तार लोखंडी नळीतून आणली.

एक गंमत अशी होती की आमच्याच घरातून आमचीच साईट उघडत नसे. नाव टाकलं की राऊटर स्वतःचंच पान पुढे करायचा. आणि गल्लीतल्या आमच्या भिंती अशा की मोबाईलला आत सिग्नल नाही. म्हणून रोज सकाळी भाऊजी फोन घेऊन घाटावर जायचे, पायरीवर उभे राहून पान उघडतंय का बघायचे आणि परत येऊन मला कळवायचे, "आहे." जणू आजारी माणसाची खबर. दुपारी ते संगणकाने ठेवलेल्या नोंदी वाचत बसत. जगातून कुठून कुठून कुणीतरी सतत आमच्या संगणकात शिरायचा प्रयत्न करत असायचं, चोरटे पासवर्ड लावून बघायचं. "आज पुन्हा दार बडवताहेत," असं ते मोठ्या खुशीत सांगत. "बडवा लेको!" त्यांनी एकेक फट बंद केली. पासवर्ड असे लांब की मी ते एका वहीत लिहून ठेवले. दर शनिवारी सगळ्या पानांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून, तारीख लिहून, माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवायची, हे काम माझं. आणि एवढी राखण करणाऱ्या माणसाने साईटच्या प्रत्येक पानाखाली काय लिहिलं होतं? आमचा संपूर्ण पत्ता. गल्ली कुठून वळते, कोणत्या पानवाल्याला विचारायचं, आणि "दार दिवसभर उघडं असतं." मी म्हणाले, "भाऊजी, हे काढा. इंटरनेटवर कुणी घराचा पत्ता देतं का?" ते चकित झाले. "उपाध्यायाने यजमानापासून पत्ता लपवायचा? मग वही कशासाठी ठेवायची?" आमच्या लोकांशिवाय ही चूक दुसरं कुणी करणार नाही.

मग कल्पनाचं पत्र आलं. एका लहान गावातल्या शाळेतली शिक्षिका. तिची आई, सुमनबाई, वारल्या होत्या. तिच्या वडिलांची ती दुसरी बायको. पहिली वारल्यावर केलेली. पण पहिलीच्या दोन मुलांनी गावात कायम हेच सांगितलं की ती घरात कामाला ठेवलेली बाई होती. आईच्या दहाव्यालाही ते तेच बोलले, चार लोकांत, कल्पनाच्या तोंडावर. लग्नाचा फोटो नाही, कागद नाही. तिला पैसाअडका, शेत काही नको होतं. तिने लिहिलं होतं, "वडील आम्हाला घेऊन काशीला आले होते असं आई सांगायची. तेव्हा मी चार वर्षांची होते. तुमच्याकडे काही असेल का?" भाऊजींनी दोन दिवसांत पान शोधलं. वडिलांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: सोबत पत्नी सौ. सुमन आणि कन्या कल्पना. खाली सही. त्यांनी ते पान साईटवर टाकलं. कल्पनाने ते छापून घेतलं आणि गावातल्या देवळाच्या फळ्यावर लावलं.

आठवड्याभरात त्या भावांपैकी थोरल्याचा फोन आला. भाऊजींचा उजवा कान फोनला, मी समोर बसलेली. तो इतका ओरडत होता की मला सगळं ऐकू येत होतं. "ए म्हाताऱ्या, ते पान काढ! आमच्या बापाची अब्रू घालवतोस?"

"अक्षर तुमच्या वडिलांचं आहे," भाऊजी म्हणाले. "मी फक्त वही उघडली."

"नाव तरी पूस. काळं कर."

"ते माझ्याने होणार नाही. लहानपणी एकदा केलं होतं, फार मार खाल्ला."

"अजून खाशील," तो म्हणाला.

ते दोघे भाऊ फेब्रुवारीतल्या एका दुपारी आले. पत्ता विचारावा लागला नसेल. मी स्वयंपाकघरात खलबत्त्यात वेलदोडे कुटत होते, म्हणून मला पावलं ऐकू आली नाहीत; भाऊजींना ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता, डावी बाजू दाराकडे होती. पुढचं थोडं त्यांनी नंतर सांगितलेलं. थोरल्याने आधी राऊटर भिंतीवरून उपटला. मग संगणक उचलून कठड्यावरून खाली फेकला. तो माझ्या समोर चौकात पडला. त्याचा पत्रा फाटला, एक तुकडा तुळशीवर गेला... मी वर बघितलं तेव्हा कठड्यावर एक अनोळखी चेहरा हसत होता.

आता नीट वाचा, कारण जे झालं ते इथे झालं. सगळं मोडून झाल्यावर थोरल्याने आपला फोन काढला आणि खात्री करायला ते पान उघडलं. पान दिसलं. आधी कधीतरी उघडलेलं असल्यामुळे ते त्याच्या फोनमध्येच साठून राहिलं होतं. आमच्या भिंतींत सिग्नल नाही, त्यामुळे फोनने जे जवळ होतं ते दाखवलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याने दुसरीकडे कुठेतरी लपवलंय. "अजून दिसतंय!" धाकट्याने भाऊजींना मागून धरलं आणि थोरल्याने त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट मागे मोडलं. भाऊजी सांगत होते, "अहो, ते तुमच्याच फोनमध्ये आहे, माझ्याकडे काही उरलं नाही." त्याने पुन्हा बघितलं. "दिसतंय!" दुसरं बोट. सिग्नलखात्यात ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना यंत्र कसं चालतं ते समजावलं, तो सत्तरीला आलेला माणूस बोटं मोडत असतानाही समजावत होता. "घाटावर जाऊन बघा, तिथे सिग्नल आहे, तिथे दिसणार नाही..." तिसरं बोट मोडल्याचा आवाज मी जिन्याच्या वरच्या पायरीवर ऐकला.

माझ्या हातात लोखंडी बत्ता होता. धाकटा मला पाठमोरा होता. मी विचार केला, असं म्हणणार नाही. मी दोन्ही हातांनी मारलं. तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला, आणि रक्त त्याच्या शर्टाच्या कॉलरमध्ये भराभर उतरलं. मी पुन्हा बत्ता उचलला. खरं सांगते, मला पुन्हा मारायचं होतं, त्यालाच, पडलेल्याला. थोरला माझ्या हाताखालून वाकून जिना उतरला आणि पळाला. सख्ख्या भावाला तसाच टाकून पळाला. "वहिनी!" भाऊजी ओरडले. "बस! बस झालं. पाणी आणा त्याच्यासाठी."

"पाणी? याला?"

"प्रवास करून आलाय. यजमान आहे तो."

मी त्या माणसाच्या डोक्याला माझं जुनं लुगडं फाडून बांधलं. मग आम्ही तिघं गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरकडे चालत गेलो, मी मध्ये, दोघांना धरून. एकाच बाकावर दोघे बसले. डॉक्टर आळीपाळीने दोघांकडे बघून म्हणाले, "पंडितजी, ई दूनो जने के का भइल?" भाऊजी म्हणाले, "सीढ़ी से गिर गए." डॉक्टरांनी विचारलं, "एक्के साथे?" त्या अवस्थेत भाऊजी हसले. पायऱ्यांचं खोटं तिथे जन्माला आलं. मी फक्त त्याचं भाषांतर केलं. पोलिसांत जाऊ या, असं मी त्या दिवशी तीनदा म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. आठ पिढ्या ज्यांचे लेख आपल्या वहीत आहेत, त्यांच्यावर फिर्याद करायची नाही, एवढंच म्हणाले. मला ते पटलं नव्हतं. आजही पटत नाही.

डॉक्टरांनी धाकट्याला संध्याकाळपर्यंत एकटं सोडू नका असं सांगितलं होतं, म्हणून तो आमच्याकडेच परत आला. जाणार तरी कुठे? भाऊ फोन उचलत नव्हता. भिंतीला टेकून बसला, टाके घातलेला, चहा घेत. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ती वही काढा." मला वाटलं, त्याला वडिलांचं अक्षर दाखवायचंय. तेही दाखवलं. त्याने ते पान आजवर फोनवरच पाहिलं होतं. खऱ्या कागदावर त्याने बोट ठेवायला हात पुढे केला आणि ठेवलं नाही. मग भाऊजी मला म्हणाले, "खालच्या जागेत लिहा. यजमान येऊन गेले की नोंद व्हायला पाहिजे. ते लिहिणार नाहीत, माझा हात चालत नाही." आमच्या वह्यांत तोवर घरातल्या बाईने कधी लिहिलं नव्हतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले: आज वरील यजमानांचे दोन्ही पुत्र काशीस आले. कारण, हा लेख पुसावा. उपाध्ये सदाशिव यांनी नकार दिला. थोरल्यांनी त्यांची तीन बोटं मोडली. इथे ते थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पुढचं तुमचं तुम्ही लिहा." मी लिहिलं: वहिनींनी धाकट्यांचं डोकं फोडलं.

वही त्याच्यापुढे सरकवली. तो दोनदा वाचून म्हणाला, "मी सही नाही करणार."

"नका करू. खोटं काही लिहिलंय का?"

त्याने वही परत सरकवली. "नाही," म्हणाला. मग टाक्यांना हात लावून माझ्याकडे वळला. "तुमचा हात फार जड आहे, आजी." मी म्हणाले, "तुझा भाऊ स्वस्तात सुटला." अंधार पडायच्या आत तो गेला. सहीची जागा मोकळी राहिली.

साईट अकरा दिवस बंद होती. नवा राऊटर, कुणाचा तरी विकायला काढलेला संगणक, आणि साड्यांखालची शनिवारची डिस्क. भाऊजींचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून टाइप मी करायचं आणि ते शेजारी बसून सांगायचे. मला राऊटरच्या पानावर शिरता येईना. "अहो, छोटा एम, वहिनी! कुणाला वाटेल तुम्ही इंग्रजीच्या मास्तरीण!" मी म्हणाले, "माझ्या शाळेत अशी भाषा काढली असतीत तर बाकावर उभं केलं असतं." कोणत्या नंबराने आलेल्याला कुठे पाठवायचं ते मी राऊटरला सांगितलं, पहिल्या दिवशी चुकीचं, दुसऱ्या दिवशी बरोबर. नोंदीचं ते पान पुन्हा स्कॅन करून चढवलं. बाराव्या दिवशी सकाळी मी एकटी घाटावर गेले, फोन उघडला. वडिलांचा लेख होता, खाली माझी नोंद होती. परत येऊन म्हणाले, "आहे." ते डाव्या हाताने तोंड पुसत राहिले.

म्हणजे मुलांनो, तुम्हाला इंग्रजीत जे खोटं पाठवलं त्यानंतर काही दिवसांतच खरं सगळ्या जगापुढे ठेवलं होतं. तुम्ही कधीही वाचू शकला असता. पत्ता मात्र मी काढायला सांगितला, आणि भाऊजींनी काढला नाही. त्यावरून आम्ही तीन दिवस बोललो नाही. शेवटी दाराला आतून कडी लावायचं त्यांनी कबूल केलं, आणि "दार दिवसभर उघडं असतं" याच्या जागी "कडी वाजवावी" असं लिहिलं.

बोटं सरळ झाली नाहीत. पुढची चार वर्षं ते डाव्या हाताने जेवले आणि मधल्या बोटाच्या टोकाने टाइप करत राहिले. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी मी चहा घेऊन वर गेले तर खुर्चीत बसलेले होते, चष्मा डोळ्यांवर, संगणकाचा पंखा गुरगुरत होता. मी उजव्या कानाशी जाऊन हाक मारली. दुसऱ्यांदा मारली... मग चहा खाली ठेवला.

चौदाव्या दिवशी थोरल्याचा फोन आला. चार वर्षांत पहिल्यांदा. कुठून कळलं, कोण जाणे. "म्हातारा गेला म्हणे. आता तरी बंद करा ते. आता तिथं कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणाले.

"तुम्ही एकट्या बाई..."

"हो. धाकट्या भावाला विचारा एकट्या बाईबद्दल."

तो शिवी देऊन म्हणाला, येतो. मी म्हणाले, या. आलात तर नोंद होईल. फोन ठेवल्यावर मी जिन्यातच बसले. अनघा त्याच संध्याकाळी म्हणाली, "आई, बंद कर ते यंत्र आणि इकडे ये." तुमच्या आईचं चुकत नाही. मला भीती वाटते. कडी वाजली की मी आधी गच्चीवरून वाकून बघते. पण चार दिवसांपूर्वी कल्पनाचं पत्र आलं: गावातल्या फळ्यावरचा कागद कुणीतरी पुन्हा फाडला, तिने पुन्हा छापून लावला, आणि लोक आता फोनवर मूळ पान उघडून ताडून बघतात. एवढंच लिहिलंय. बंद करू नका, असं तिने म्हटलेलं नाही.

मी काही बंद केलेलं नाही. वह्यांपैकी दोन वाळवीने खाल्ल्या, बाकी कपाटात आहेत. संगणक वरच्या खोलीत चालू आहे. साईटवरच्या त्या पानावर सुमनबाईंचं नाव पत्नी म्हणून आहे, त्याखाली आमच्या घरात झालेल्या मारामारीची नोंद माझ्या अक्षरात आहे, आणि आज सकाळी घाटावर ते पान उघडलं.